वाजवून सांगितलेली भिंत

चाळीस वर्षं विटा चढवून-उतरवून मिस्त्रीचा उजवा खांदा आता घमेलं उचलतानाही कुरकुरायचा. घरमालकांशी हुज्जत घालणं त्याने कधीच सोडलं होतं. हातोडीच्या दांड्याने भिंत दोनदा ठोकायची, कान लावायचा, "भरीव आहे, हात लावू नका" नाहीतर "पोकळ आहे, पाडा" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघराची भिंत त्याने गेल्या वर्षी अशीच वाजवली. तिची सासू कंबर मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेली. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून जाईना, आणि म्हातारीचा सगळा जीव तिथल्या ओट्यात. "नुसता आडोसा आहे गं. एका दिवसाचं काम. सवड झाली की पाडतो," तो म्हणाला. सवड व्हायला वर्ष गेलं.

आज छिन्नी घातली, आणि गिलावा सुटताच आतून पत्र्याने झाकलेला जुना कोनाडा निघाला. पोकळ वाजायचा तो एवढाच. शेजारी फोडलं तर पुरती नऊ इंची भिंत. जिना चढून बघितलं, तर वरच्या खोलीची भिंत नेमकी हिच्याच डोक्यावर. पायरी-पायरीला थांबत तो खाली आला.

"काय झालं, दादा?"

"ही पाडता येत नाही. वरचं सगळं ओझं हिच्यावर आहे."

"अरे, एका दिवसाचं काम म्हणालास ना! अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय मी."

"चुकलो. दारात उभं राहून जाडी बघितली असती तरी कळलं असतं. कंटाळा केला."

"मग गर्डर टाक की."

"त्याला इंजिनिअर लागतो, टेकू लागतात, चार माणसं लागतात. माझ्या एकट्याच्या खांद्याचं काम नाही ते."

आतून खुर्ची करकरत आली. "भिंत आधी जाते का मी, तेच बघत होते," सासू म्हणाली. "म्हणजे भिंत काही जात नाही."

"माफ करा, आई."

"माफीने खुर्ची आत जाते का? मोजा काहीतरी. वाजवू नका."

टेप काढून तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. खुर्ची सव्वीस इंच, दार चोवीस. मग त्याने चौकट चाचपली. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच लाकूड. वरचा गिलावा खरवडला. भार सगळा दारावरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीवर, लिंटेलवर, त्याची दोन्ही टोकं भिंतीत वीतभर गेलेली. चौकटीवर काहीच नाही.

"चौकट काढली की जाते खुर्ची," तो हळूच म्हणाला. "तासाभराचं काम."

बहीण ओट्याला टेकली. "तासाभराचं. आणि मी वर्षभर आईंचं ताट आतल्या खोलीत नेतेय, दादा."

त्याने चौकटीखाली पहार घातली. म्हातारीने खुर्ची पार दाराला आणून लावली.

"मागे सरका, आई. लाकूड अंगावर येईल."

"नाही सरकत. वर्षभर मागेच होते."