नव्या टायरचा दसरा

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आप्पांनी स्कूटरला दोन्ही नवे टायर टाकले, ब्रेकही आवळून घेतले. मग आठवडाभर जेवताना एकच विषय. "टायरची नक्षी बघ. पाणी कापत जाते. पावसात गाडी जागच्या जागी उभी राहते!" ऐकून ऐकून मला वीट आला होता.

दसऱ्याच्या सकाळी गाडीची साग्रसंगीत पूजा झाली. हार तेवढा राहिला होता, म्हणून मी मागे बसलो आणि आम्ही सावेडीच्या नाक्याकडे निघालो. भुरभुर पाऊस सुरू होता. आप्पांना तर संधीच मिळाली. रस्त्याकडेला झेंडूचे ढीग दिसताच ते म्हणाले, "आता बघ, बरोबर फुलांपुढे थांबवतो," आणि त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी घसरत गेली ती थेट फुलांत. आम्ही दोघं झेंडूच्या ढिगात बसलेले. फूलवाली मावशी पोट धरून हसत म्हणाली, "दिवाळीला बी या, पर आदी सांगा. ढीग मोठा लावते!"

आप्पांनी चेंगरलेली सगळी फुलं विकत घेतली. गाडी उभी केली तर टायरभर पाकळ्या चिकटलेल्या आणि खोबरेल तेलाचा घमघमाट.

घरी येऊन आईला विचारलं. टायर काळेकुळकुळीत दिसावेत म्हणून पूजेआधी तिनंच ते चोळून चोळून माखले होते. वर माझ्यावरच उखडली, "सणासुदीला तुम्हा सगळ्यांना तेल लावून न्हाऊ घालते. मग त्या टायरांनीच काय घोडं मारलं होतं?"