आडाचा दोर

छबूबाईच्या नादी लागू नये, हे आडाच्या आळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. माहेर खर्ड्याकडचं. तिथं हंडाभर पाण्यासाठी मैलभर पायपीट. लग्न होऊन ह्या तालुक्याच्या गावात आली, दाराशी आड बघितला आणि म्हणाली, "आता मला कुनी हितून हलवून दावा!" नवरा बन्सी गवंडी. हातात कसब, पण तोंडाला कुलूप. तो थापी चालवायचा, ती घमेली वाहायची. वीस वर्षांत दोघांनी अर्ध्या गावाच्या भिंती उभ्या केल्या. घरातलं बोलायचं खातं छबूबाईकडं होतं. नवऱ्याचं नाव तेवढं तिनं लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, पुढं सगळा संसार 'अवं' वरच.

आळीतून एक ओहोळ जायचा. माळावरचं पावसाचं पाणी त्यातून यायचं, आडामागच्या खोलगट जागेत थांबायचं आणि हळूहळू मुरायचं. चार दिवस चिखल, डास, लोकांच्या शिव्या. मग आडाचं पाणी वर चढायचं. हे छबूबाईला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या दोरानं शिकवलं. पोहरा पाण्याला टेकला की दोराचा जो भाग काठावर यायचा, तिथं ती चिंधी बांधून ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळात, भाद्रपदात काय तो दोन तास पाऊस झाला, आणि तिसऱ्या दिवशी दोर चार हात कमी लागला. गावातले बाकीचे आड दिवाळीलाच खडखडीत झाले. हा एकटा तगला, आणि निम्मं गाव त्याच्यापुढं रांगेत उभं राहिलं.

त्र्याहत्तरच्या चैत्रात दुष्काळी कामांतून ओहोळाची पक्की गटार करायचं ठरलं. दोन्ही बाजूंना दगड, तळाला सिमेंट, पाणी सरळ नदीला. ओव्हरसियर माधवराव माणूस भला, पण नकाशावरची रेघ म्हणजे त्यांना ब्रह्मवाक्य. गवंडीकाम बन्सीला मिळालं. चार महिन्यांनी हाताला काम! छबूबाईनं आळीत गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेली, तर तळात सिमेंट पडत होतं.

"अवं, तळ बंद केल्यावर पानी मुरंल कुठं?"

"नकाशात तसंच हाय," बन्सी खाली बघून म्हणाला.

"नकाशाला तान लागती का?"

बन्सी थापी चालवत राहिला. भाकरी तशीच राहिली.

आता नव्या सिमेंटाला सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. घमेली वाहिलेल्या बाईला हे काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी पिंप घेऊन आडावर आले, तर रहाटावर दोरच नाही! दोर छबूबाईच्या कमरेला, सात वेढे घालून, आणि छबूबाई काठावर मांडी ठोकून.

माधवराव छत्री सावरत आले.

"बाई, तुम्ही सरकारी काम अडवताय."

"तुमाला प्यायला गार तांब्या भरून देते, साहेब. सिमेंटाला थेंब देनार न्हाई. आडाचं पानी काढून आडाचाच गळा दाबायचा व्हय?"

"अहो, पाणी साचतं, डास होतात, पोरं हिवतापानं पडतात. ते लवकर वाहून जायला हवं."

"डासाचं तुमचं खरं हाय. बाजू बांधा, घान काढा, मी सोता घमेलं उचलते. पन तळ उघडा ठिवा. पानी तिथंच जिरू द्या."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

झालं! छबूबाई उठली. कमरेचा दोर सोडला आणि एकेक चिंधी माधवरावांच्या नाकासमोर धरली. "ही पावसाआदीची. ही तिसऱ्या दिवसाची. मोजा चार हात. हाय का तुमच्या नकाशात?" रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. तिथंच माधवरावांचं डोकं फिरलं.

"बन्सी, बायकोला घरी ने. नाहीतर हजेरीपटावरून तुझं नाव आत्ताच खोडतो."

बन्सी गटारीत थापी धरून उभा. काम गेलं तर चूल बंद, हे छबूबाईला कळत नव्हतं का? पण मागं सरेल ती छबूबाई कसली!

"बन्सी गवंडी!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

अगंबाई! एकीच्या हातून कळशीच सुटली. बन्सीनं वीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बायकोकडं सरळ बघितलं.

"नवरा म्हनून न्हाई इचारत, गवंडी म्हनून इचारते. तळ बंद झाल्यावर ह्या आडाला पानी येनार का न्हाई? खरं बोला."

बन्सीनं थापी धोतराला पुसली, दगडावर ठेवली. "न्हाई येनार, साहेब," तो म्हणाला. "पयल्या दिवशीच ठावं हुतं मला." मग त्यानं पहार उचलली आणि स्वतःच घातलेला वीस फूट तळ फोडायला घेतला. माधवराव ओरडत राहिले, पहार थांबली नाही.

नाव खोडलं गेलं. दोघंही खडी फोडायला गेली. गवंड्याच्या हातात घण बघून छबूबाई एकदा ढसाढसा रडली. पण पश्चात्ताप? छे! आडावर आळीतल्या बायकांनी राखणीच्या पाळ्या लावल्या, तळ पुन्हा घालायला सिमेंटाला पाणी मिळालंच नाही. तहानलेल्या गावासमोर गटारीवर टँकर ओतायची कुणाची छाती झाली नाही. बाजू उभ्या राहिल्या, तळ उघडाच राहिला.

त्या साली पाऊस चांगला झाला. श्रावणात मोठे साहेब तपासणीला आले. "सरकारी तळ कुणी फोडला?" माधवराव स्वतःच्या बुटांकडं बघत होते.

छबूबाई पुढं झाली. तिनं आडात पोहरा सोडला. भाद्रपदातली चिंधी अजून हातातच होती, तोवर खाली पाणी वाजलं; आड गेल्या भाद्रपदापेक्षाही वर चढला होता. तिनं तांब्या भरला, साहेबांच्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बन्सी गवंड्यानं फोडला. लिवून घ्या नाव. आन् हजेरीपटावर बी पुन्ना लिवा. तळात नुसता दगड बसवायचाय, बिनसिमेंटाचा. त्यो दुसऱ्या कुनाला जमायचा न्हाई."