लॉरीची साखळी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस मी. आजही हसतो. तरी हे लिहायलोय... कारण त्या दिवशी माझी कॉलर कुणी धरली, ते अजून कळलेलं न्हाई.

गाव बिदर. निजामाचं राज्य घेणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं. मी आणि माझा थोरला भाऊ, बसप्पाअण्णा, सायकलींवर कापडाचे गठ्ठे बांधून बाजाराला जायचो. मैलूरजवळच्या चढावर सगळे सायकलवाले एकच करायचे — हळू चढणाऱ्या लॉरीची मागची साखळी धरायची आणि आयतं वर जायचं. टांगे, मोटारी, ही गर्दी... गर्दीत अण्णा मागून माझी कॉलर धरायचा. मला दोन लेकरं झाली तरी.

भर दुपार होती. डावी साखळी अण्णानं धरली, उजवी मी. "घट्ट धर रे," तो म्हणाला. त्याचा पिवळा पटका माझ्या हाताच्या अंतरावर. तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलरला असा हिसका दिला की मी सायकलीसकट आपटलो. लॉरी पुढं गेली. मागं बघतो तर लगत फक्त दूधवाला कासीमभाई, सायकलवर.

"कामून वढलास बे?"

"म्या हात बी लावला न्हाई, भाई. मागून एक..."

पुढचं मी ऐकलंच नाही. त्याच्याच दुधाच्या कॅनचं झाकण त्याच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. नाक फुटलं, दूध लाल झालं. लोक धावले ते सोडवायला नव्हे, हाणायला. त्या वर्षी त्याचं नाव तेवढं पुरेसं होतं.

मग वर चढावर लोखंड तुटल्याचा आवाज झाला. लॉरीचं मागचं फळकूट निखळलं, तुरीची पोती धडाधड कोसळली, लॉरी मागं घसरली. अण्णाला चाकाखालून ओढून काढला तेव्हा छाती उरली नव्हती. मी धरलेली साखळी पोत्यांखाली सापडली.

तिसऱ्या दिवशी कासीमभाई दारात आला, तोंडाला फडकं बांधून. मी त्याचे पाय धरले.

"तुमाला वढलं त्यो माणूस म्या बघितला," तो म्हणाला. "पायी पळायला व्हता. पिवळा पटका. तवाच सांगायलो व्हतो... तुमी बोलू दिलं न्हाई."

त्या चढावर पिवळा पटका एकाच डोक्याला होता. आणि तो माणूस त्या घडीला माझ्या शेजारी, साखळी धरून. मी डोळ्यानं बघत होतो!

ह्याचा उलगडा माझ्याकडं न्हाई. मला अण्णानंच सोडवलं म्हणा हवं तर. पण पडल्यावर मी वर बघून एक हाक मारली असती, तर त्यानंही साखळी सोडली असती. मी कासीमभाईला मारत होतो.