हुंकारा कोणी दिला?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पुरता बसलेला नाही. मी दवाखान्यात वॉर्ड अटेंडंट आहे — आया म्हणा. रिकाम्या खोल्यांतून, बंद लिफ्टसमोरून कितीदा एकटी गेले असेन... कधी काही दिसलं नाही. सोबतच्या बायका काय काय सांगतात, मी हसते. या सदरातले अनुभव वाचतानाही मनात म्हणायचे, झोप झाली नसेल बिचारीची. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. लिहिण्यात चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीत सुटली.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्याची. आईचं आजारपण, पाठची भावंडं... त्यात शाळा राहून गेली ती गेलीच. पुढे एका ओळखीनं वर्ध्याला काम मिळालं आणि मी इतक्या लांब आले की निम्मी सुट्टी प्रवासातच जाते. बोरगाव मेघेला एका घराची मागची खोली भाड्यानं घेतली आहे. पुढच्या दोन खोल्यांत घरमालकीण — काकू. साठी ओलांडलेल्या, एकट्या, माहेर आर्वीचं. बाहेरून आधी दहावीला, मग बारावीला मला त्यांनीच बसवलं. पास झाले तेव्हा "माह्या पोरीनं बारावी काढली" म्हणत गल्लीभर पेढेही त्यांनीच वाटले. परक्या मुलखात असं माणूस मिळतं, याचंच मला अजून नवल वाटतं. हे उपकार कसे फिटणार... असो.

बारावीनंतर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. सगळं घरी बसून, मोबाइलवर. त्यात एक पेपर होता भाषण कौशल्याचा. मला वाटलं, पुस्तक असेल, पाठ करू. तसं नव्हतं. दर रविवारी ऑनलाइन वर्ग, आणि शेवटी सगळ्यांसमोर कॅमेऱ्यात बघून भाषण. कागद हातात न घेता!

स्क्रीनवर चौकटी, चौकटीत चेहरे, आणि सगळे म्यूट. आमच्याकडे कोणी काही सांगत असलं तर ऐकणारा मध्येमध्ये "हां", "बरं" करतोच. गप्प बसला तर सांगणाऱ्याला वाटतं, याला राग आलाय. इथे तर अख्खा वर्ग गप्प. एक वाक्य बोलले की मी विचारायचे, "आवाज येतोय ना?" दुसरं बोलले की पुन्हा, "येतोय ना?" शेवटी नांदेडच्या एकानं माइक उघडला आणि म्हणाला, "ताई, आवाज येतोय हो. तुम्हीच येईनात!" सगळे हसले. मीसुद्धा हसले. पण नंतर तोंडातून शब्द फुटेना. कॅमेरा बंद करून बसून राहिले.

शेवटच्या भाषणालाही तेच झालं. नाव सांगितलं, विषय सांगितला, आणि पुढे... काहीच नाही. मॅडम समजूतदार होत्या. म्हणाल्या, "अजून एक रविवार देते. त्यानंतर मात्र मला काही करता येणार नाही." म्हणजे वर्ष वाया. वर्षाचं तितकं नाही, पण मला स्वतःची धास्ती होती. शाळा सुटल्यावर पुन्हा पुस्तक हातात घ्यायला मला किती वर्षं लागली होती! या वेळी सुटलं की कायमचं सुटलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी मोबाइल खिडकीत टेकवून सराव करत होते. मागे, माझ्या आणि काकूंच्या खोलीच्या मधल्या उंबऱ्यावर काकू तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

"काऊन थांबली वं? बोल नं."

"समोरून कोणी काही म्हणतच नाही काकू. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"मंग तुले हुंकारा कोन देते?"

"हुंकारा?"

"घ्या आता! बी.ए. करून राह्यली अन् हुंकारा नाई माहीत!"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पीक राखायला शेतात जागलीवर असायचे आणि सगळ्या पोरांना गोष्टी सांगायचे. एकानं "हूं" म्हणत राहायचं, हा नियम. हुंकारा थांबला की गोष्टही थांबली. ते काम काकूंकडे. "मले डुलकी लागली का बाबा चूप. अन् मंग साऱ्याइच्या शिव्या मले!" डाळीचं ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "चाल, कर सुरू. मी हाओ नं हुंकारा द्याले."

माझा विषय होता अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची चादर त्याला न उचलता कशी बदलायची, हा. दुसरं मला काय येतं? मी खिडकीकडे तोंड करून बोलायचे, काकू पाठीमागून "हूं" म्हणायच्या. त्यांचा हुंकारा वेगळाच... खालून वर चढत जाणारा, शेवटी जरासा प्रश्नासारखा. मंग काय झालं, असं विचारणारा. तो आला की पुढचं वाक्य आपोआप यायचं. एकदा मात्र काकूंनी माझीच वाक्यं म्हणत मला मध्येच थांबवलं.

"पेशंटले कुशीवर करते... हूं. जुनी चादर गुंडाळून त्याच्या पाठीशी लावते... हूं. पन एक सांग, तो मानूस जिता हाय नं?"

"काकू!"

"नाई, कुरकुर बी नाई करत बिचारा, म्हनून विचारलं."

आठवडाभर रोज असं चाललं. काकूंना भाषण माझ्याआधी पाठ झालं.

शनिवारी आर्वीहून फोन आला, काकूंची बहीण न्हाणीत घसरून पडली. काकू लगेच निघाल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीनं येतो मी. तू सुरू कराच्या आधी उंबऱ्यावर हजर. घाबरू नको."

रविवारी भाषणाची वेळ होत आली तरी काकू आल्या नाहीत. फोन बंद. पुढच्या, त्यांच्या बाजूच्या दाराला त्या बाहेरून कुलूप लावून गेल्या होत्या. गल्लीतल्या पोरांचा गोंगाट नको म्हणून माझ्या मागच्या दाराला मी आतून कडी घातली. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा माइकचं बटण दोनदा चुकलं.

नाव सांगितलं. विषय सांगितला. आणि तेच — पुढचं वाक्य येईना. चौकटीतले सगळे चेहरे माझ्याकडे बघतायत. मॅडमनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून...

"हूं?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आल्या काकू, वेळेवर आल्या. कॅमेऱ्यावरून नजर हलवायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून मी मागे वळले नाही. बोलायला लागले. पेशंटला कुशीवर करायचं... हूं. जुनी चादर गुंडाळून पाठीशी... हूं. नवी अर्धी अंथरायची, मग त्याला दुसऱ्या कुशीवर घ्यायचं... हूं. एकदाही अडले नाही. शेवटचा कोपरा गादीखाली खोसला तोपर्यंत हुंकारा मिळत होता. नंतर आला नाही. मला वाटलं, काकू पाणी प्यायला उठल्या असतील. बोलण्याच्या भरात होते, तशीच पुढे गेले.

संपल्यावर मॅडम हसत म्हणाल्या, "फार छान! आणि मागे हुंकार देत होत्या त्या आजींना माझा नमस्कार सांगा."

नांदेडवाला म्हणाला, "मॅडम, आजींना आपल्या वर्गात घ्या. आमचं असं कोणी ऐकत नाही."

मी हसत मागे वळले. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. पुढच्या दोन्ही खोल्या बघितल्या, कोणी नाही. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, माझ्या दाराला आतून कडी. मी खाटेवर बसून राहिले. भीती वाटली असं नाही म्हणणार... पण उठून कडीला पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

काकू आल्या त्या बऱ्याच वेळानं, घामाघूम. पायातली चप्पलही काढली नव्हती. "झालं का वं? बोलली का तू?"

"बोलले. पास होईन बहुतेक."

"बाई गं!" त्या मटकन खाली बसल्या. मी काही सांगायच्या आधी त्यांनीच सुरू केलं. "खरांगण्याजवळ गाडी पंचर झाली. मोबाइल बी बंद पडला. म्हनलं, पोरगी आता थांबली असन. जीव लागे ना. मंग बसल्या जागीच तुह्यं भाषण मनात लावलं अन् हुंकारा देत बसली. मले वाटे मनातल्या मनात देऊन राह्यली. त बाजूची बाई म्हने, मावशी, फोन त बंद हाय तुमचा, कोनाले हुंकारा देऊन राह्यल्या? सारी गाडी हासली. मले अशी लाज वाटली... चूपच झाली मी."

"कुठपर्यंत... म्हणजे भाषणात कुठपर्यंत आला होतात तुम्ही?"

"तो शेवटचा कोपरा खोसते नं तू? थोपर्यंत."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. काकू घाबरल्या नाहीत. एकदा उंबऱ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हुंकारा तुले आयकू गेला, एवढं खरं." आणि चहा ठेवायला उठल्या.

मी खूप विचार केला. त्यांना भाषण पाठ होतं, वेळ माहीत होती, म्हणजे बसमध्ये त्या पुटपुटल्या यात नवल नाही. मलाही सवय झाली होती, तेव्हा मला भास झाला असं धरू. पण मॅडमना? नांदेडच्या त्या मुलाला? दुसऱ्या कोणाचा माइक उघडा असेल म्हणून मी मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, बाकी सगळे म्यूट होते, आवाज तुमच्याच चौकटीतून येत होता. आवाज उसना आणता येतो का? खरांगण्याजवळ थांबलेल्या बसमधून बोरगावच्या खोलीत? मला याचं उत्तर मिळालेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. मी पास झाले, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि काकूंचे उपकार आणखी एकानं वाढलेत.

पण मला अजून रात्री आठवतं ते हुंकाऱ्याचं नाही, त्याच्या नंतरचं. भाषण खरं तर कोपरा खोसला की संपायचं होतं. मी मात्र बोलत राहिले. सरावात कधीच नसलेलं बोलले. म्हणाले, की असा पेशंट काही उत्तर देत नाही, मान हलवत नाही, डोळेही उघडत नाही. तरी त्याला हात लावायच्या आधी सांगायचं — दादा, आता या कुशीवर घेते हं. दादा, झालं बरं का, आता आराम करा. मी रोज सांगते. त्याला ऐकू येतं की नाही, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही.

हे मी कॅमेऱ्यात बघून, न अडखळता बोलले. आणि तेव्हा माझ्या पाठीमागे खरोखरच कोणी नव्हतं.