गिऱ्हाइकाचा कोट

आमच्या मास्तरांकडे कोट शिवायला टाकायचा, तर आधी लग्नाची तारीख खोटी सांगावी लागे. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर याच आठवड्यात आहे म्हणायचं. एवढं करूनही नवरदेवाच्या कोटाची बटणं हॉलवर जाताना गाडीत लावली गेल्याचे किस्से लोक अजून सांगतात.

हात मात्र असा, की भांडायला आलेला माणूस आरशासमोर उभा राहिला की शिव्या गिळून टाकायचा. मास्तर कोट आधी पांढऱ्या दोऱ्याने, लांब लांब टाके घालून नुसता जोडायचे. ती कच्ची शिलाई. मग ट्रायल. मग उसवायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा ट्रायल. अंगावर मनासारखा बसल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही आणि पांढरा दोरा निघाल्याशिवाय कोट दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

"एकदा पक्का केला की तो माझा राहत नाही," मास्तर म्हणायचे.

"अहो, पण मग आमचा तरी होऊ द्या," लोक म्हणायचे.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. भिंत इतकी पातळ, की त्यांच्या शिलाई मशीनची घरघर मला ऐकू यायची आणि मी दुरुस्त केलेल्या फोनच्या रिंगटोन त्यांना. कोणी कोणाला जास्त छळलं हा वाद आमच्यात कायम चालू असे.

कुत्रा काकूंचा. काकू म्हणजे मास्तरांची बायको. रस्त्यावरचं एक पिल्लू रोज दुकान उघडायच्या वेळेला पायरीवर येऊन बसायचं. मास्तर त्याला हाकलत. एक दिवस काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे वेळ पाळणारं एवढं एकच गिऱ्हाईक आहे. त्याला तरी टिकू द्या." झालं, त्याचं नाव गिऱ्हाईक पडलं. पुढे यातून बरेच घोळ झाले. "त्या गिऱ्हाइकाला जरा बाहेर काढ, घाण वास मारतोय," असं मास्तर आतून ओरडले, की खुर्चीवरचा खराखुरा माणूस हळूच स्वतःची बाही हुंगून बघायचा.

काकूंनी आयुष्यात नवऱ्याकडे एकच कोट मागितला. त्या पहाटे बेकरीत कामाला जायच्या, थंडी वाजायची. कॉफीच्या रंगाचं जाड लोकरी कापड त्यांनी स्वतःच पसंत करून आणलं. मास्तरांनी ते कापलं, कच्चं जोडलं, एक ट्रायलही घेतली. मग लग्नसराई आली आणि कोट खुंटीवर गेला. काकू अधूनमधून विचारायच्या, "माझी ट्रायल कधी?" मास्तर सगळ्यांना सांगत तेच त्यांनाही सांगायचे, "परवा." मग काकूंना दुखणं लागलं आणि बघता बघता त्या गेल्या. कोट पांढऱ्या दोऱ्यांसकट खुंटीवरच राहिला. त्याचा विषय कुणी काढत नसे. गिऱ्हाईक मात्र त्याच्याखालीच झोपायला लागला, आणि मास्तरांनी त्याला तिथून कधी उठवलं नाही.

एकुलती एक मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे माल पोचवायला येणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. घरात सांगितल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "खांदे उतरते आहेत त्याचे. पण कोटात झाकता येतील."

नोंदणी पद्धतीच्या लग्नाचं ठरवताना ती दुकानात येऊन बसली. मी तिथेच होतो, चहाच्या आशेने.

"बाबा, माझ्याबरोबर गिऱ्हाईक चालणार. हॉलच्या दारापासून सह्यांच्या टेबलापर्यंत. आई असती तर ती चालली असती."

"आणि मी?"

"तुम्ही वेळेवर या. तेवढं खूप झालं."

मास्तर हसले नाहीत. खुंटीखाली झोपलेल्या कुत्र्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डोकावलो तर काकूंचा कोट कापायच्या टेबलावर पसरलेला आणि मास्तरांच्या हातात मोठी कात्री.

"मास्तर, हा तर..."

"खडू दे इकडे."

मी खडू दिला. त्यांनी कुत्र्याच्या छातीभोवती टेप धरला, मान मोजली, पाठ मोजली. गिऱ्हाईक एखाद्या साहेबासारखा मान वर करून उभा राहिला. कोट कच्चा जोडून झाला, ट्रायल झाली. अगदी चोख बसला. मास्तर लांब जाऊन, डोळे बारीक करून बघून आले आणि म्हणाले, "आठवड्याने परत घालून बघू."

आठवड्याने कोट ढिला झाला होता.

"माझंच माप चुकलं," मास्तर म्हणाले. उसवला, आत घेतला, पुन्हा जोडला. पुढच्या खेपेला पुन्हा ढिला. या वेळी म्हणाले, टेपच जुना झालाय, ताणला गेलाय. नवा टेप आणला. नव्या टेपानेही कोट पोटाखाली लोंबायला लागला.

शेवटी माझ्याच्याने राहवेना. "मास्तर, माप नाही चुकलं. तो वाळतोय."

"तुला फोनच्या पोटातलं कळतं, तेवढं बघ," असं म्हणून त्यांनी दोरा दातांनी तोडला.

मुलीने गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी गिऱ्हाइकाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या आणि सांगितलं, मूत्रपिंडं गेली आहेत, वय झालंय, आता त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच आपल्या हातात आहे.

"लग्नापर्यंत?" मास्तरांनी विचारलं.

"लग्न कधी आहे?"

मास्तरांनी तारीख सांगितली. खरी नव्हे, बरीच अलीकडची. जन्मभर लोकांनी त्यांना जशी सांगितली तशी. मुलगी शेजारीच उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं आणि तारीख तशीच राहू दिली.

"तोपर्यंत काढेल बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

गिऱ्हाइकाने त्या तारखेपर्यंत काढलं आणि खऱ्या तारखेपर्यंतही काढलं. त्याच्या खाण्यापिण्याचं मास्तर कसं बघत होते ते मी सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगतो, की लग्नाचा ड्रेस आणि जावयाचा कोट त्यांनी वेळेवर तयार केला, तेव्हा गल्लीतले लोक दुकानात येऊन मास्तरांना विचारून गेले, "तब्येत बरी आहे ना?"

हॉलच्या दाराशी मुलगी उभी, तिच्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कॉफीच्या रंगाचा कोट घातलेला गिऱ्हाईक. कोटावर पांढरे टाके लांबूनही दिसत होते. विहीणबाई हसत म्हणाल्या, "मास्तर, घरच्याच गिऱ्हाइकाचे दोरे काढायचे राहिले की."

"राहिले नाहीत," मास्तर म्हणाले. "अजून एक ट्रायल बाकी आहे. भरेल तो थोडा."

लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तरांची नेहमीची टोलवाटोलवी चालली आहे.

दोघं चालायला लागली. ती त्याच्या पावलाने चालत होती. निम्म्या वाटेवर गिऱ्हाईक थांबला, आधी मागचे पाय वाकले, मग पुढचे, आणि तो फरशीवर बसला. तिने पट्टा ओढला नाही.

मास्तर उठून गेले. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि ट्रायलला आलेल्या कुठल्याही माणसाची करत तशी कॉलर दोन्ही हातांनी सारखी केली.

"चल रे राजा. थोडंच राहिलंय."

गिऱ्हाइकाने शेपटी एकदा फरशीवर आपटली. उठला नाही.

मास्तर तसेच बसून राहिले. मुलीने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या वाकलेल्या पाठीकडे. मग नवाकोरा ड्रेस गोळा करून ती खाली बसली.

"बाबा, इथेच करू या."

नवरदेव टेबलापाशी ताटकळत उभा होता. तो आला आणि उतरत्या खांद्यांचा तो पोरगा मुकाट्याने तिच्याशेजारी मांडी घालून बसला. लग्न लावणारे साहेब कुरकुरले, "अहो, सह्या कशावर करायच्या?" तेव्हा विहीणबाईंनी चहाच्या ट्रेमधले कप पटापट बाजूला काढले आणि ट्रे पुढे केला. लग्न त्या ट्रेवर लागलं. फोटोंमध्ये सगळे पाहुणे वाकलेले आहेत, जणू कुणाचं तरी बटण हरवलंय.

मुलगी सासरी दुसऱ्या गावी गेली. जाताना ती गिऱ्हाइकाच्या कानात काहीतरी बोलली, वडिलांशी फारसं बोलली नाही. रोज दुपारी तिचा फोन यायचा. भिंतीपलीकडून मला एकच बाजू ऐकू यायची. "झोपलाय... हो, पाणी प्यायला... नाही, अजून झोपलाय."

एका दुपारी मशीनची घरघर ऐकू आली. न थांबता, एका लयीत. मास्तर तसं मशीन फक्त पक्क्या शिलाईला चालवत. मी हातातला फोन उघडाच टाकून शेजारी गेलो.

शटर अर्धं खाली होतं. कापायच्या टेबलावर घडी केलेल्या चादरीवर गिऱ्हाईक पडला होता. कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तर मशीनवर कोट शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "बस. शिवून झालेल्या बाजूचे दोरे काढ. कापड ओढू नकोस."

मी स्टुलावर बसून पांढरे दोरे काढत गेलो. त्यात काही जुने होते, पिवळे पडलेले. काकूंच्या ट्रायलचे. ते मी वेगळे ठेवले. मास्तरांनी पाहिलं आणि ते खिशात घातले.

"आता माप बदलायचं नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले. मला म्हणाले की टेबलाकडे बघून म्हणाले, कळलं नाही.

बटण लावत असताना फोन वाजला. मुलीचा. मास्तरांनी तो वाजू दिला, टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा तोडला. पुन्हा वाजला तेव्हा उचलून स्पीकरवर टाकला, कारण हात मोकळे नव्हते. ते कोट घालत होते त्याला.

"बाळ, कोट तयार झाला," ते म्हणाले.

ती मास्तरांची मुलगी होती. कोट कधी तयार होतो, हे तिला ठाऊक होतं.

मग तिने विचारलं, "नीट बसला का, बाबा?"

मास्तरांनी कॉलर दोन्ही हातांनी सारखी केली.

"नीट बसला."