मैनाने वाचून दाखवलेला मेसेज

श्यामला परचुरे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांच्याविषयी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं छतातून ऐकलेलं आहे आणि उरलेलं त्यांच्या यजमानांनी, गोपाळकृष्णांनी, जिन्यात थांबून सांगितलेलं आहे. चोरून ऐकल्याचा आरोप मला मान्य नाही. बाईंचा आवाजच तसा आहे. सव्वीस वर्षं कात्रजच्या प्राथमिक शाळेत चाळीस पोरांच्या वर चढवलेला आवाज तो, सदाशिव पेठेत परत आला तरी खाली उतरत नाही.

दोन हजार वीस साली शाळा बंद झाल्या आणि बाईंच्या हातात मोबाइल आला. होता आधीही, पण त्या तो छत्रीसारखा वापरत. बाहेर जाताना न्यायचा, घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवायचा. मग तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं आणि बाई एकदम पेटल्याच. फोन साखरेच्या डब्याला टेकवून रोज सकाळी दहाला तिसरीचा वर्ग सुरू. पोरं एकतीस, फोन अकरा. एकेका फोनभोवती सख्खी-चुलत मिळून तीन डोकी, आणि मागे भिंतीला टेकून घरची मोठी माणसं, फुकटचा तमाशा बघायला.

बाईंचं म्हणणं असं की, गेम खेळायला ह्यांना कुणी शिकवावं लागत नाही, पण फोन ही वाचायची वस्तू आहे हे शिकवावंच लागेल. मेसेज शोधायचा कसा, उघडायचा कसा, उत्तर लिहायचं कसं.

"हे अभ्यासक्रमात आहे का?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"नाही. तुम्हीही नव्हता, तरी निभावलंच ना?"

ह्या सगळ्यात बाईंचा जीव अडकला होता मैनामध्ये. मैना ही हिंदुरावांची धाकटी लेक, कात्रजच्या जुन्या गावठाणातली. बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक समोर आलं की तोंडाला कुलूप. जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा. वर्ग संपल्यावर बाई तिला रोज दहा मिनिटं थांबवून घेत. वर्ष संपायच्या आत ही पोर मोठ्यानं, न अडखळता एक परिच्छेद वाचेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला तर त्यांनी जिन्यात बजावूनच ठेवलं होतं, "वाचेल. तुम्ही फक्त बघा."

तर एका सोमवारी बाईंनी अभ्यास दिला. घरातल्या फोनवरचा एक मेसेज शोधायचा आणि उद्या मोठ्यानं वाचून दाखवायचा.

आता ह्यात काय चूक आहे, असं तुम्ही म्हणाल. पेठेत काहीच नाही. पेठेत फोन ज्याचा त्याचा आणि शेजाऱ्याचं नाव पाटीपुरतं. पण गावठाणात फोन बापाचा, वर्ग पोरीचा आणि वर्गातली निम्मी पोरं एकाच भावकीतली.

मंगळवारी पोरांनी 'शुभ सकाळ' वाचलं, 'गॅस आज येईल' वाचलं. मग मैनाचा नंबर आला. बाईंना खूश करायचं म्हणून तिनं फोनमधला सगळ्यात लांब मेसेज निवडला होता. बापानं लिहिलेला. आणि तो तिनं रात्री दहा वेळा घोकला होता.

"साहेब, रामराम," मैनानं सुरुवात केली. "आमचे थोरले बंधू संभाजी यांनी तिसरा मजला विनापरवाना चढवला आहे. कृपया लवकर पाहणी करावी. माझे नाव कुठेही येऊ देऊ नये. आपला, हिंदुराव."

'विनापरवाना' एका दमात, 'कृपया' स्पष्ट. कुठे म्हणून अडखळली नाही. बाईंनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

"शाबास मैना! सगळ्यांनी टाळ्या वाजवा!"

ही आरोळी मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकली. वाचन बाईंच्या कानात शिरलं होतं, अर्थ अजून बाहेरच उभा होता. तो आत आला तेव्हा पोरीचा आवाज बंद करायला त्या स्क्रीनवर बोटं मारू लागल्या, पण तोवर उशीर झाला होता. स्क्रीनवर शेजारच्या चौकटीत मैनाची चुलतबहीण बसली होती आणि तिच्या मागे तिची आई, म्हणजे संभाजीरावांची बायको, बायडाबाई. आठ दिवसांपूर्वीच त्या घराला तिसऱ्या मजल्याबद्दल महापालिकेची नोटीस आली होती, आणि तक्रार त्यानंच केली असं धरून संभाजीराव आठ दिवस समोरच्या भाडेकरूला शिव्या घालत होते.

"पुन्यांदा वाच गं बाळा," बायडाबाई म्हणाल्या. "कुणी लिव्हलंय म्हनलीस?"

आणि पोरीनं, शाबासकीनं फुललेल्या तोंडानं, सांगितलं. "माझ्या पप्पांनी."

त्या मजल्यानं हिंदुरावांच्या घरावरचा उजेड गेला होता, हे खरं. भावाला तोंडावर सांगायची छाती नव्हती, हेही खरं. दोन दिवसांत दोन्ही भावांच्या सामाईक अंगणाच्या मधोमध पत्रे उभे राहिले. मैना वर्गात दिसेनाशी झाली.

बाई मास्क लावून स्कूटरवरून कात्रजला गेल्या. गोपाळकृष्ण मागे बसले होते, त्यामुळे पुढचं मला शब्दशः माहीत आहे.

हिंदुराव दारातच आडवे उभे राहिले. "फोन आता मिळायचा न्हाय, बाई."

"चूक माझी आहे. अभ्यास मी दिला. तिला वाचू द्या."

"लेकराला वाचायला तुम्ही शिकवलं. कुठं गप बसायचं ते कोन शिकवनार?"

बाई त्यांच्या खांद्यावरून आत मैनाला शोधू लागल्या.

पत्र्यापलीकडून बायडाबाईंचा आवाज आला. "चूक कसली, बाई? तुमच्यामुळं तर कळालं! पोरीला पेढं द्याया पायजेत. ए वाचनारनी, ये की हिकडं!"

मैना आतल्या दाराला धरून उभी होती. दोन्ही घरांतली माणसं तिचंच नाव घेत होती. एक रागानं, एक लाडानं. तिला लाड जास्त झोंबला असावा. ती आत पळाली.

येताना बाई स्कूटर इतकी हळू चालवत होत्या, गोपाळकृष्ण सांगतात, की सायकलवाले पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून वर्ग दहालाच भरे, पण आवाज खाली येईना. ऐकायला मला वर कान लावावा लागे.

शाळा प्रत्यक्ष उघडली तेव्हा मैना चौथीत आली होती. बाईंनी हट्टानं तोच वर्ग मागून घेतला. पत्रे अजून उभेच होते. बाकांच्या दोन टोकांना दोघी चुलतबहिणी. मैनाची पाळी आली की ती उभी राहायची, पुस्तक धरायची आणि तोंड मिटून घ्यायची. बाई "बस" म्हणायच्या. असं तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात ती बसली नाही. बाई जवळ गेल्या, तेव्हा तिनं पुस्तक त्यांच्यापुढे केलं.

"बाई, आधी तुम्ही वाचा. ह्यात कुणाचं नाव न्हाय ना?"

धडा मधमाश्यांचा होता. बाईंनी तरी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून मागचंही वाचलं.

"कुणाचं नाही," त्या म्हणाल्या.

मैना वाचू लागली. इतकं हळू, की पहिल्या बाकालाही पोचेना. मागून पोरं ओरडली, "बाई, ऐकू येत न्हाय!"

बाई तिच्यापाशी वाकून उभ्याच राहिल्या.

"मला येतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपापलं वाचा."