मुसल्लस

आबिड्सच्या इराणी हॉटेलात कांद्याच्या समोशांची बशी समोर आली की मला दवाखान्यातली ती सकाळ आठवते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा एक शब्दही बोलले नव्हते. फिनेलचा वास भरलेल्या खोलीत डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुढे आकृत्यांचं कार्ड धरलं आणि त्रिकोणावर बोट ठेवून विचारलं, "ये क्या है, साब?" बाबांचे ओठ बराच वेळ नुसते हलले आणि मग शब्द फुटला, "मुसल्लस." आईने पदर तोंडाला लावला. "काहीतरीच बरळतायत गं," ती म्हणाली, आणि मलाही तेच वाटलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या. "अम्मा, सही तो बोल रहे! अरबी में सलासा बोले तो तीन. मुसल्लस बोले तो तीन कोनेवाला. उर्दू मीडियम के हैं क्या?" बाबांची शाळा उर्दूतून झाली होती, हे आम्ही पार विसरूनच गेलो होतो. तेवढ्यात बाबा आईवर खेकसले, "तीन कोन आहेत, दिसत नाही का तुला?" आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "झाले बाई बरे!" समोशाचा पहिला कोन मोडताना अजूनही मला ते खेकसणं ऐकू येतं, आणि जीव भांड्यात पडतो.